म्हैस विकू नका

सोलापूर,
12 नोव्हेंबर 2025

ति. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं ईएसआय कापून घेतलं, आता काम गेल्यावर घरी बसल्याचं काही देतात का नाही?" सांगायला गेलो तर आई रडायला लागली. म्हणून कागदावर हिशेब मांडतोय.

देतात. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विम्यात, 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. आधी पगाराचा पाव हिस्सा मिळायचा, कोरोनात 2020 साली तो निम्मा केला. माझा पगार 15,000, म्हणजे महिन्याला साधारण साडेसात हजार. तेही जास्तीत जास्त 90 दिवस आणि अख्ख्या आयुष्यात एकदाच. सगळे मिळून साडेबावीस हजार. खोलीभाडं, गॅस, पोरीची शाळा धरली की दिवाळीनंतर काही उरत नाही.

मला राग रकमेचा नाही, त्या 90 दिवसांचा आहे. अमेरिकेनं 27 ऑगस्टपासून आपल्या मालावर 50 टक्के कर लावला, टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या, सप्टेंबरात आमची रात्रपाळी बंद. मंदी काय तीन महिन्यांचा करार करून येते? गंमत बघा, त्याच अमेरिकेत काम गेलं तर बहुतेक राज्यांत 26 आठवडे भत्ता मिळतो.

तरी मी नशीबवान म्हणायचा, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून माझं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं. माझ्या शेजारी मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या चौघी बायांचं नाव कुठंच नाही. दहापेक्षा कमी माणसं दाखवली की ईएसआयची कटकटच नको, म्हणून एकाच पत्र्याच्या शेडला तीन वेगळ्या कारखान्यांच्या पाट्या. त्या चौघींना भत्ता म्हणजे मालकाची उचल, नाहीतर वाण्याची उधारी. उचल घेतली की दुसऱ्या कारखान्यात जायची सोय संपली.

कारखाना रीतसर बंद केला किंवा कामगारकपात केली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत 24 महिन्यांपर्यंत भत्ता आहे. पण रीतसर कोण करतो? आम्हाला सांगितलं, "काम आलं की फोन करतो." फोनला कागद लागत नाही. बाबा, तुमची मिल बंद पडली तेव्हाही असंच ना? भोंगा वाजायचा थांबला, आणि तुम्ही दोन वर्षं रोज सकाळी गेटपर्यंत चालत जायचात. मला वाटायचं फिरायला जाता.

आई, तुम्ही दोघं 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होता, सुकडी खायचात. निदान हाताला काम मागितलं की काम होतं. त्याचाच पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. पण ती हमी खेड्यातली. शहरातल्या मागवाल्यानं काम मागायचं तर कुणाकडं?

अर्ज भरलाय. पैसे आले तर आधी वाण्याचं देणं फेडणार. चादरीच्या एका शेडात दिवसपाळीला माणूस हवाय म्हणतात, उद्या जाऊन बघतो. पगार कमी आहे, पण नाव मस्टरवर घालतो म्हणाला तर धरीन.

म्हैस विकायचं डोक्यातून काढा. ज्वारीचं एक पोतं ठेवा, शनिवारी मंगळवेढ्याच्या गाडीनं येतो. गोठ्याचा पत्रा मीच टाकीन, गडी सांगू नका.

तुमचा,
दत्ता