बाबांच्या गोळ्यांबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

बाबांसाठी बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजर-पालकात असतो त्या घटकाच्या, गोळ्या मागवू का म्हणालीस. मागवू नकोस. त्यांची सिगारेट अजून सुटलेली नाही, म्हणून तर मुळीच नको.

तू पाठवलेल्या लेखात लिहिलंय की गाजर-पालक भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. ते खोटं नाही. पण आढळला तो कसा, हे बघ. लोकांना काय खाता ते विचारलं आणि पुढे कोण आजारी पडलं याची नोंद ठेवली. हा निरीक्षणात्मक अभ्यास. दोन गोष्टी जोडीने दिसतात, म्हणजे सहसंबंध आहे, एवढंच त्यातून कळतं. भाज्या खाणारा माणूस बहुतेकदा सिगारेटही कमी ओढतो, फिरायला जातो, वेळेवर डॉक्टरांना दाखवतो. मग गुण नेमका कशाचा?

याचा छडा लावायला फिनलंडमध्ये १९८५ साली चाचणी सुरू झाली. सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष, सगळे पन्नाशी ओलांडलेले किंवा तिच्या उंबरठ्यावरचे. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे सगळे गट सारखेच झाले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि बाकीच्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणती गोळी कुणाला, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. १९९४ मध्ये निकाल छापून आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

१८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना, असं मात्र समजू नकोस. दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे ४७.५ रुग्ण सापडायचे, ते ५६.३ झाले. १८ टक्के हा आकडा सापेक्ष धोक्याचा, म्हणजे आधीच्या तुलनेत किती वाढ ते; ४७.५ वरून ५६.३ ही प्रत्यक्ष वाढ. जाहिरातवाले नेहमी मोठा दिसणारा तेवढा सांगतात, म्हणून 'कितीवरून किती?' हे तू दर वेळी विचारत जा. प्रत्यक्ष वाढ लहान दिसली तरी ज्यापासून बाबांना काहीच फायदा नाही, त्यासाठी ती का पत्करायची?

गाजराची कोशिंबीर ते आवडीने खातात, ती चालू राहीलच. दिवाळीला येशील तेव्हा त्यांना शेजारी बसवून तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, १८००-११-२३५६. मी दोनदा विषय काढला, ते उठून गेले. तुझं ऐकतील.

तुझी,
आई