गिरणीचा कापूस कुठून यायचा, हे बेझनबागेत विचारा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर नागपूरच्या एका सद्गृहस्थांचं पत्र छापून आलं. दर डिसेंबरात मोर्च्यांसाठी खेड्यापाड्यांतून ट्रक भरभरून माणसं येतात, रस्ते तुंबतात, मोकळ्या जागा घाण होतात, आणि 'ज्यांचा या शहराशी काडीचा संबंध नाही' अशांच्या पायी नागपूरकरांना घरात कोंडून बसावं लागतं, अशी त्यांची तक्रार. त्याच सुमारास पुरवणीत शहराच्या इतिहासावर पानभर लेख होता. त्यात भोसले होते, इंग्रज होते, सीताबर्डीचा किल्ला होता, अजब बंगला होता. राबणारं माणूस एकही नव्हतं. दोन्ही कात्रणं माझ्याजवळ आहेत आणि दोन्हींना मिळून हे एकच उत्तर लिहून राहिलो.

मी समुद्रपूर तालुक्यातला. कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं त्या काळात ग्रेडर होतो. म्हणजे बैलबंडीतला कापूस मुठीत घ्यायचा, पुंजका दोन चिमटींत ओढून धाग्याची लांबी पाहायची, पत्ती (वाळल्या पानांचा चुरा) किती, कवडी (किडका, पिवळा कापूस) किती, ओल किती हे पाहून प्रत सांगायची आणि शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. आता शेती मुलगा पाहतो. वेचणी आटोपली की आम्ही म्हातारा-म्हातारी लेकीकडे उत्तर नागपुरात येऊन राहतो. जावई आणि लेक दोघंही नोकरीवर जातात, टीव्ही मला सोसत नाही, म्हणून सकाळी बाहेर पडतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. खेड्यातल्या माणसाला हा रोग असतोच.

तिथल्या बेझनबाग वस्तीतल्या एका बाकावर रोज चार-पाच जुनी मंडळी बसतात. त्यांतले एक एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी 'कुठचे?' विचारलं. हिंगणघाटकडचा, म्हटल्यावर म्हणाले, "मंग तुमच्या कापसाची पत्ती आमी जिंदगीभर नाकात घेतली नं, भाऊ." मी म्हटलं, पत्ती जास्त असली की मी प्रत पाडत होतो, बाकीची तक्रार जिनिंगवाल्याकडे करा. तेव्हापासून आमचं जमलं.

या माणसाजवळ बसलं की पुरवणीतला लेख फिका पडतो. जमशेटजी टाटांनी ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव एम्प्रेस. पण मुंबईचा माणूस गिरणी काढायला नागपुरात का आला, ते बाकावरच्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितलं, "कापूस हितं पिके म्हून." मुंबईत तेव्हा गिरण्या होत्याच. टाटांनी हिशेब मांडला की कापूस जिथं पिकतो तिथंच सूत काढावं. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. कापूस तर आमचा असा, की लिव्हरपूलच्या बाजारात त्याचा भाव 'हिंगणघाट' याच नावानं निघायचा. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरायला घेतली तेव्हा इथल्या एका सावकारानं भांडवल द्यायला नकार दिला होता. हा माणूस खड्ड्यात सोनं ओततो, असं त्याचं म्हणणं. पुढं त्यानंच कबूल केलं म्हणतात, की ओतली ती माती आणि काढलं ते सोनं.

टाटांनी गिरणी ज्यांच्या हाती सोपवली ते बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाचा अनुभव शून्य. आज हजारो लोक त्यांच्या नावाच्या वस्तीत राहतात आणि विचारलं तर सांगता येत नाही की हे बेझन कोण. याच गिरणीनं 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा देशात असला कायदासुद्धा नव्हता.

तारखा पुस्तकात मिळतील. ते गृहस्थ जे सांगतात ते पुस्तकात नाही. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून आले. धानाची शेती दोन वर्षं लागोपाठ बुडाली, गावचा एक माणूस आधीच गिरणीत होता, त्याच्या खोलीत येऊन पडले. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं असायची, त्यामुळं अंथरूण कधी गार होत नसे. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवत, उन्हाळ्यात माणूस वाफेवर ठेवल्यासारखा शिजे. भोंगा झाला की अख्ख्या वस्तीतल्या बाया चूल पेटवीत. घड्याळ मालकाच्या बंगल्यात, बाकीच्यांना भोंगा. तुटलेला धागा जोडताना बोट कसं फिरतं ते त्यांनी मला हवेत करून दाखवलं. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, चहाचा कप हातात थरथरतो, पण ती बोटं सरळ गेली.

गिरणी 2002 मध्ये बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे आणि नाव तेच आहे. नातवाचा शर्ट घ्यायला हे तिथं गेले होते. मी विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं काही रडगाणं ऐकू येईल. ते म्हणाले, "कापड बरं नव्हतं. काउंट सांगत होते एक आन् होता दुसराच." काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. दुकानातल्या पोरानं शर्ट उलटा करून चोळू नका म्हणून हटकलं, तर यांनी त्यालाच सूत मोजायचं कसं ते शिकवलं.

माझा हिशेब मी त्यांना दिला. साधारण पाच क्विंटल कापूस सरकी काढून रुई झाला की 170 किलोची एक गाठ बांधली जाते. त्या पाच क्विंटलला किती बायांच्या किती वेचण्या लागतात, बोंडाच्या काट्यांनी बोटं कशी फाटतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा करतात, हेही त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. गाठ आली की पट्टी तोडायची, एवढंच त्यांचं काम. शहरानं गावाकडं पाहिलं नाही तसं गावानंही गाठ गेल्यावर पुढं काय झालं ते कधी विचारलं नाही. आम्ही फक्त भाव विचारला.

पुढचा दुवा नागपूरच्याच टांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत मिळाला. तिथं एक कोष्टी आजोबा आहेत. घरात मागाचा खड्डा अजून आहे, माग नाही. त्यात आता पाण्याची टाकी बसवली आहे. गिरणीचं सूत यांच्याकडे यायचं आणि हे त्याची नऊवारी लुगडी विणायचे. ती विकायची कुठं? त्यांचे वडील गठ्ठा घेऊन आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या बाजारांना जायचे. म्हणजे आमच्याच बाईनं वेचलेला कापूस गिरणीत सूत होऊन, टांडापेठेत लुगडं होऊन परत तिच्याच अंगावर यायचा, आणि मधल्या प्रत्येक हाताला दोन पैसे सुटायचे. बाईला किती सुटायचे, ते विचारू नका. पॉवरलूम आले आणि आजोबांचा धंदा बसला. "आता कोनी नेसते का लुगडं?" त्यांनी विचारलं. माझी आई शेवटपर्यंत नेसायची, म्हटल्यावर काठ कसा होता ते विचारत बसले. मला सांगता आलं नाही, तेव्हा माझ्या बायकोला फोन लावायला लावला. तिनं सांगितलं. मग ती दोघंच अर्धा तास बोलली.

जाता जाता, नागपूरची शान म्हणून जे सावजीचं तिखट जेवण मिरवतात, ते याच कोष्ट्यांच्या घरचं आहे. आणि 'नागपुरी' संत्र्याच्या बागा वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या शिवारात आहेत. शहरात पिकतं ते फक्त नाव.

इंदोऱ्यातल्या एका आजीबाईंशी माझी बायको बोलत असते, मी बाजूला बसून ऐकतो. 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, त्या परकर नेसणारी पोर होत्या. बाबासाहेब सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते हे लेखात होतं. लाखो लोक जमले हेही होतं. पण ते लाखो कुठं राहिले, काय जेवले? आजीच्या घरी ओळखपाळख नसलेली माणसं ओसरीपासून मोरीपर्यंत झोपली होती. बाया आळीपाळीनं ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. पांढरं कापड बाजारात मिळेना म्हणून तिच्या आईनं जुन्या लुगड्याचा रंग उकळून काढायचा प्रयत्न केला आणि लुगडं धड पांढरं झालं नाही, धड हिरवं राहिलं नाही. आई तेच नेसून गेली. आलेली माणसं यवतमाळची, चांद्याची, बुलढाण्याची. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही की बाहेरच्यांनी शहर तुंबवलं.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबरला, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात ठरलं होतं की वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात होईल. म्हणून डिसेंबरात सरकार इथं येतं, आणि सरकार इथं येतं म्हणून आम्ही येतो. मुंबई आम्हाला आठशे किलोमीटरच्या वर पडते. कर्जाचं, पीकविम्याचं, विजेचं गाऱ्हाणं सांगायला हीच एक जागा परवडते. कुणी हौसेनं ट्रकमध्ये उभं राहून थंडीत येत नाही.

त्या सद्गृहस्थांचं एक म्हणणं मला मान्य आहे. मोर्च्यात रुग्णवाहिका अडकते ते वाईटच. तिच्यासाठी रस्त्याची एक बाजू राखायलाच हवी, आणि ते मोर्चेकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी स्वतः करावं. पण मोर्चा म्हणजे फक्त गैरसोय, असं लिहिण्याआधी त्यांनी झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकापाशी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. 23 नोव्हेंबर 1994 ला गुरं राखणारा गोवारी समाज आदिवासींच्या सवलती मागायला विधानभवनावर आला होता. लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. वरच्या उड्डाणपुलाला त्यांचंच नाव आहे. लेकीकडे मला नेहमी सोडणारा ऑटोवाला तेव्हा सायकलरिक्षा ओढायचा. त्या संध्याकाळी त्यानं मेडिकलला, म्हणजे सरकारी इस्पितळात किती फेऱ्या मारल्या ते तो सांगत नाही. रस्त्यावर पडलेल्या चपला एकजात प्लास्टिकच्या होत्या, एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

आता शेवटचा मुद्दा, काडीच्या संबंधाचा. पुरवणीतल्या लेखाची सुरुवात भोसल्यांपासून आहे. ती छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहपासून हवी होती. त्यानं 1702 मध्ये बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. लेंड्रा, फुटाळा, सक्करदरा, भानखेडा, हिवरी, सीताबर्डी ही त्या वाड्यांचीच नावं. सद्गृहस्थांनी पत्राखाली पत्ता दिला आहे तो त्यांतल्याच एका वाडीतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या शहरातून काळी-पिवळी मारबत (पीडा वाहून नेणारी पुतळी) निघते, मागून बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे नाचतात. आमच्या गावी पळसाच्या फांद्या घेऊन पोरं 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत शिवेबाहेर जातात. नागपूरनं त्याला बँड लावला आणि महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे जोडले, एवढाच फरक.

माझी मागणी साधी आहे. पुरवणीतली इतिहासाची मालिका चालू ठेवा, पण पुढचे काही आठवडे वाड्या-किल्ल्यांना सुट्टी द्या. एखाद्या तरुण बातमीदाराला रेकॉर्डर देऊन बेझनबागेत, टांडापेठेत, इंदोऱ्यात पाठवा. किल्ला पुढच्या वर्षीही तिथंच असेल. बाकावर मागच्या हिवाळ्यात पाच जण बसत होते, या हिवाळ्यात चार आहेत. आणि त्याच बातमीदाराला एकदा वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे धाडा, कारण गोष्टीचं पहिलं टोक इकडं आहे. जेवणाखाण्याची सोय माझ्याकडे.

बेझनबागेत यायचं तर सकाळी नऊच्या आत यावं, नंतर मंडळी नातवांना शाळेच्या बसवर सोडायला जातात. टांडापेठेतले आजोबा दुपारी चारनंतर भेटतात. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडे बसावं. पत्रलेखक सद्गृहस्थांनाही यायचं असेल तर त्यांनी माझा पत्ता आपल्या कार्यालयातून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त कापूस ग्रेडर,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा