एपिक्युरस चैनीचा पुरस्कर्ता नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील खाद्यसंस्कृतीवरच्या लेखात एपिक्युरसची ओळख ‘खा, प्या, मजा करा’ असे सांगणारा ग्रीक तत्त्वज्ञ अशी करून दिली आहे. लेख वाचनीय आहे, पण या माणसावर तेवीसशे वर्षे होत आलेला अन्याय त्यातही झाला, म्हणून लिहितो आहे.

एपिक्युरस इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला. पस्तिशीच्या सुमारास अथेन्सला येऊन त्याने एक बाग विकत घेतली आणि तिथेच मित्रांसमवेत राहून शिकवू लागला. बागेत स्त्रिया येत, गुलामही येत. त्या काळच्या अथेन्समध्ये हे धाडसच होते. साधी भाकरी आणि पाणी एवढ्यावर आपले भागते, असे तो पत्रांतून लिहीत असे. चीजचा एक लहानसा गडू पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल, अशी मागणी त्याने एका मित्राकडे केली होती. पुढे मॅसेडोनियन सेनानी डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला आणि शहरात उपासमार सुरू झाली, तेव्हा एपिक्युरस आपल्या माणसांना कडधान्याचे दाणे मोजून वाटून देत होता. ही नोंद ग्रीक चरित्रकार प्लुटार्कची आहे, आणि प्लुटार्क त्याच्या विचारांचा कडवा विरोधक होता!

मग बदनामी झाली कशी? टिमोक्रेटिस नावाचा शिष्य बाग सोडून गेला आणि गुरू दिवसातून दोनदा ओकेपर्यंत खातो, असे सांगत सुटला. लोकांना तेच आवडले. सुख हे जीवनाचे ध्येय, असे एपिक्युरस म्हणाला हे खरेच. पण सुख म्हणजे देहाला वेदना नसणे आणि मनाला घोर नसणे. दारूच्या बैठका आणि मेजवान्या नव्हेत, हे त्याने मिनीसियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगितले आहे.

इ.स.पू. २७० मध्ये मूतखड्याच्या असह्य कळा सोसत तो गेला. त्या अखेरच्या दिवशीही, मित्रांशी झालेल्या संवादांच्या आठवणीने मी आनंदात आहे, असे त्याने पत्रात लिहिले आणि दिवंगत मित्र मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ करण्याची विनंती केली. मला तरी त्याचे सगळे तत्त्वज्ञान या एका पत्रात दिसते.

चार्वाकाचेही आपण हेच केले. त्याची मते बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आली आणि लोकांच्या तोंडी उरले ते कर्ज काढून तूप पिणे. एपिक्युरसची निदान तीन पत्रे टिकून राहिली. शिवाय त्याच्यानंतर चारशे वर्षांनी, आजच्या तुर्कस्तानातील ओइनोआंदा गावी डायोजिनिस नावाच्या अनुयायाने त्याची शिकवण चक्क दगडी भिंतीवर कोरून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावी म्हणून. त्या भिंतीचे तुकडे अजूनही सापडत आहेत.

मिनीसियसला लिहिलेले पत्र फार मोठे नाही, पुरवणीच्या एका पानात मावेल. ते मराठीत छापावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा