हेडला आधी पट्टी लावणाऱ्या काकांस

काका,

सप्रेम नमस्कार वि. वि.

जुन्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर सिलिंडरांच्या माथ्यावर बसणारा भाग, तुमच्याकडून दुरुस्त होऊन परत येतं तेव्हा त्याला तारेनं बांधलेली एक चिठ्ठी असते. बाक किती होता, किती कापलं, कापल्यावर हेडची उंची किती उरली, व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते त्या गाईड कुठल्या बदलल्या, प्रेशर टेस्टला काय दिसलं, हे सगळं आकड्यांत. हे पत्र त्या चिठ्ठीच्या आभाराचं आहे. ते उघड लिहितो आहोत, कारण जुन्या इंजिनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

पहिले आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. हेड टेबलावर ठेवलं की तुम्ही विचारता, ‘गाडी तापली कशानं?’ हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट उडणं हा परिणाम असतो. कारण कुठेतरी दुसरीकडे बसलेलं असतं: अडकलेला थर्मोस्टॅट, आतून गंजून पाती झिजलेला वॉटर पंप, खालच्या नळ्या बुजलेला रेडिएटर, नाही तर दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण. ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं तेच झाकण दाब सोडतं आणि पाणी १०० अंशांना उकळायला लागतं. वाफेचे बुडबुडे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला साठतात, तिथली धातू तापते आणि हेड वाकतं. झाकण न बदलता नवं गॅस्केट टाकणं म्हणजे तेच काम परत अंगावर घेणं.

हेड वाकतं का, हेही तुम्ही इतकं सोपं करून सांगता की शिकाऊ पोरालाही कळतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, साधारण दुप्पट फुगतं. ४५० मिमी लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते सुमारे ०.८ मिमी वाढतं. त्याखालचा बिडाचा ब्लॉक वाढतो ०.४ मिमी. रोज चालू-बंद होताना एवढी घसट गॅस्केट सोसतच असतं. पण इंजिन मर्यादेबाहेर तापलं की दोन्ही टोकं बोल्टनी जखडलेली असल्यामुळे लांबीत वाढायला जागा उरत नाही, मग मधला भाग वर उचलला जातो. थंड झाल्यावर तो बाक तसाच राहतो.

हेड सपाट आहे का ते बघायला सरळ पट्टी कशी लावायची ते आम्ही तुमच्याकडूनच घेतलं. आधी गॅस्केटचा चिकटलेला थर प्लॅस्टिकच्या किंवा बोथट पात्याच्या खरवडणीनं काढायचा. ग्राइंडरवर लावायच्या खरखरीत चकत्या हेडच्या जवळ आणायच्या नाहीत. त्या ॲल्युमिनियममध्ये खळगे पाडतातच, शिवाय त्यांची बारीक धूळ ऑइलमध्ये उतरली तर बेअरिंग खाऊन टाकते. मग अचूक पट्टी सहा रेषांवर ठेवायची: लांबीला दोन, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन, आणि आडव्या किमान दोन. प्रत्येक ठिकाणी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून बघायचं. चार सिलिंडरच्या बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिमीची मर्यादा दिलेली असते. काहींना थोडी जास्त चालते, पण शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. हीच पट्टी ब्लॉकच्या माथ्यावरही फिरवायची. हेड काचेसारखं सपाट आणि ब्लॉकचा माथा दोन सिलिंडरांच्या मध्ये खचलेला, असं असेल तर गॅस्केट तिथेच पुन्हा जाणार.

सगळ्यात मोठे आभार मात्र कॅमच्या बोगद्याबद्दल. ओव्हरहेड कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा हेडमध्येच असलेलं, हेड वाकलं की तळ वाकतो तसाच कॅमच्या बेअरिंगांचा सरळ बोगदाही वाकतो. नुसता तळ फेस केला, म्हणजे मशीनवर कापून सपाट केला, तर तळ सपाट होतो, बोगदा वाकडाच राहतो. मग कॅम हातानं फिरत नाही, मधलं बेअरिंग जळतं, कधी कॅमच तुटतो. तुम्ही कॅम घालून, कॅप टॉर्कनं आवळून तो बोटांनी फिरवून बघता. अडला तर आधी सरळ करता: जाड पोलादी प्लेटवर हेडच्या दोन टोकांखाली मोजलेल्या शिम (पातळ पत्रे) ठेवून मधला भाग बोल्टनं खाली ओढायचा, तसंच भट्टीत तापवायचं आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचं. त्यानंतर राहिलेला थोडा बाक कटरनं काढायचा. यात वेळ जातो, तरी तुम्ही हे टाळत नाही. आणि फार तापून मऊ पडलेलं हेड हार्डनेस तपासून बाजूला ठेवता, कारण मऊ धातूवर बोल्टचा ताण टिकत नाही, वॉशर आत रुतत जातो.

भेगांच्या बाबतीतही तुमची शिस्त तीच. नजर आधी इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीटच्या मधल्या अरुंद पट्टीवर, मग स्पार्क प्लगच्या भोकाकडे. ॲल्युमिनियमवर चुंबकाची पावडर काम करत नाही, तिथे भेगेत शिरणारी रंगीत डाय लागते. बिडाच्या हेडला चुंबक चालतो. पण आत पाण्याच्या वाटेला गेलेली भेग डायनं दिसत नाही. म्हणून पाण्याची सगळी तोंडं प्लेटनं बंद करून, गरम पाण्यात बुडवून, आत हवा भरून बुडबुडे बघायचे. गरम पाणी मुद्दाम घ्यायचं, कारण काही भेगा थंडपणी मिटलेल्या असतात. दुसऱ्या गाडीतून काढलेलं हेड बसवायचं असेल तर त्यालाही ही टेस्ट आधी, बाकी खर्च नंतर. कास्टिंग नंबर, व्हॉल्व्हचा व्यास, चेंबरची खोली आणि पाण्याची भोकं जुळतात का, हेही त्याच वेळी बघायचं.

किती कापलं हे चिठ्ठीवर लिहिता, त्याचा उपयोग इंजिन जोडताना कळतो. ३०० सीसीचा सिलिंडर आणि ९:१ कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा नऊपट दाबली जाणं, धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३७.५ सीसी असते. ०.३ मिमी कापल्यानं त्यातली सुमारे १ सीसी गेली तर कॉम्प्रेशन ९.२ वर जातं. पेट्रोल इंजिन एवढं सहन करतं. पण कॅम क्रँकच्या तितका जवळ येतो आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, किंचित मागे पडतं. ११० मिमी व्यासाच्या कॅम पुलीवर ०.३ मिमी म्हणजे क्रँकच्या हिशेबात अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. एकदा ठीक आहे, पण हेड आधी दोनदा कापलेलं असेल तर बेरीज होत जाते. कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेल्या पुशरॉडच्या इंजिनात टॅपेटची भूमिती बदलते. डिझेलला तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडावी लागते. जाडीची खूण गॅस्केटच्या कडेला भोकांनी किंवा खाचांनी दिलेली असते. पृष्ठभागाचा पोतही तुम्ही विचारून ठरवता. पोलादी पत्र्यांच्या थरांचं गॅस्केट असेल तर अगदी गुळगुळीत फेस लागतो. जुन्या कंपोझिट गॅस्केटला थोडा खडबडीत चालतो, किंबहुना पकडीसाठी लागतोच.

व्हॉल्व्हच्या कामात तुमचा क्रम आम्ही कधी मोडत नाही: आधी गाईड, मग सीट. सीट कापायच्या हत्याराचा पायलट गाईडमध्ये बसतो, गाईड सैल असेल तर सीट एकाच बाजूला कापली जाते. मुख्य कोन ४५ अंशांचा, वरून ३० आणि खालून ६० नं तो अरुंद करायचा. इनटेकला साधारण १ ते १.५ मिमी रुंदी, एक्झॉस्टला १.५ ते २. एक्झॉस्टला जास्त, कारण व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. सीट फार अरुंद ठेवली तर व्हॉल्व्ह जळतो, फार रुंद ठेवली तर कार्बन चावून गळतो. लॅपिंग पेस्ट फक्त पट्टा कुठे बसतो ते बघण्यापुरती. शिसंविरहित पेट्रोलच्या आधीच्या बिडाच्या हेडांत कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट तुम्ही सुचवता, तेही योग्यच. शिशाचा थर गेल्यावर मऊ सीट ठोकून ठोकून आत जाते आणि टॅपेटची फट कमी कमी होत संपते. सीट कापल्यावर व्हॉल्व्हचं टोक वर येतं. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर तो ते एका मर्यादेपर्यंतच भरून काढतो, त्यापुढे व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. म्हणून तुम्ही टोकाची उंची मोजून देता. शेवटी चेंबरमध्ये रॉकेल ओतून काही मिनिटं ठेवायचं आणि पोर्टमध्ये ओल येते का ते बघायचं.

आमच्या बाजूचं काम तुमच्या मेहनतीला शोभेल असं व्हावं म्हणून काही गोष्टी आम्ही ठरवून पाळतो. हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड, बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल. ओल्या लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळ्यांना बाहेरून थेट पाणी लागतं असं, इंजिन असेल तर हेड निघताच लायनर पकडीनं दाबून ठेवायचे आणि तोवर क्रँक फिरवायचा नाही, नाही तर खालचं सील सुटून पाणी ऑइलमध्ये उतरतं. जोडताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं आटे साफ करून, हवेनं कोरडी करायची. तळ बंद असलेल्या भोकात चमचाभर ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्याला दाबतो आणि ब्लॉक फुटू शकतो. टॉर्क रेंचवर दिसणारा बहुतेक जोर आटे आणि वॉशरच्या घर्षणातच जातो, जेमतेम एक दशांश बोल्ट ताणायला उरतो. त्यामुळे गंजके आटे म्हणजे आकडा बरोबर आणि पकड ढिली. मॅन्युअल सांगेल तिथेच ऑइलचा हलका हात. टॉर्कनंतर अंशांनी फिरवायचे बोल्ट नवेच घालायचे. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. हेड ठेवण्याआधी क्रँक अर्ध्या वाटेवर, म्हणजे एकही पिस्टन वर नसेल आणि व्हॉल्व्ह वाकणार नाहीत. गॅस्केटवरचं ‘टॉप’ वर, ऑइलचं भोक जुळवून. वर सीलंट नाही, सांगितलं असेल तिथेच. जुन्या कंपोझिट गॅस्केटला पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क लागू शकतो. पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला सहसा तो द्यायचा नसतो. मग कूलंट भरताना हीटर पूर्ण उघडा, हवा निघेपर्यंत घाई नाही.

काका, एवढं सगळं त्या चिठ्ठीच्या मागे उभं असतं. ‘यातलं हे कापू नका, दुसरं शोधा’ असं सांगून हातचं काम परत पाठवण्याचा तुमचा स्वभाव आहे, त्याबद्दलही मनापासून आभार.

आपले,
जुन्या इंजिनांवर काम करणारे आम्ही

ता. क. – पुढचं हेड पाठवतो आहोत. कॅमच्या कॅपवर क्रमांक आणि दिशेचे बाण खडूनं केलेत, व्हॉल्व्ह पुठ्ठ्यात सिलिंडरप्रमाणे टोचून ठेवलेत. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघितला, तो उघडत नव्हता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या वेळी सोबतच आहे.