धाकटीला कम्युनिकेशन घेऊ दे

सावदा, ता. रावेर

प्रिय दोस्ता,

तुझ्या धाकट्या बहिणीला बी.ए.ला कम्युनिकेशन मेजर घ्यायचंय आणि काका म्हणतात, "बोलायला शिकण्यासाठी फी कशाला भरायची?" आमच्याही घरी हाच सूर होता, म्हणून सविस्तर लिहितो.

भाषण, बातमी, माइकसमोर उभं राहणं, हे सगळं शिकवतात. पण खरा अभ्यास वेगळाच. एखादी गोष्ट माणसाच्या कानावर कशी येते आणि ती त्याला कुणामुळे पटते?

रायन आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या संकरित बियाण्यावर एक अभ्यास केला. तो १९४३ साली छापला गेला. बियाण्याची पहिली खबर शेतकऱ्यांना बहुतेक वेळा विक्रेत्याकडून लागली, पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याचं बघून. या विषयातलं पुढचं मोठं नाव एव्हरेट रॉजर्स, तोही आयोवाच्या शेतकऱ्याचाच मुलगा. त्याचे वडील नव्या बियाण्याला नाहीच म्हणत होते. १९३६ च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजारचा उभा राहिला, तेव्हा कुठे त्यांना पटलं. हे वाचलं आणि आपलेच बांध डोळ्यांसमोर आले रे.

म्हणून यंदाच्या प्रोजेक्टला मी केळीवरचा हरण्या रोग घेतला, पानांवर पिवळे पट्टे पाडणारा विषाणूचा रोग. रोगट झाड उपटून नष्ट करा, तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवा, केळीत काकडी-भोपळा लावू नका, ही माहिती पत्रकात होती, मोबाइलवरही फिरत होती. तरी झाडं उभीच. टिश्यू कल्चरचं विकत आणलेलं, ठिबकवर वाढवलेलं रोप आपल्या हातानं उपटायला जीव होत नाही. आमच्या शिवारातल्या एका आजोबांनी पत्रक नीट घडी करून खिशात ठेवलं होतं. शेजारच्यानं बांधावर येऊन पिवळ्या पट्ट्यांचं पान हातात दिलं, म्हणाला, "भो, माझं मी कालच उपटलं." आजोबा त्याच दुपारी सरीत उतरले.

हे टिपायला नुसतं ऐकून भागत नाही. प्रश्नावली नीट बांधावी लागते, "कुणी सांगितलं?" आणि "कुणाचं ऐकलं?" हे वेगवेगळं विचारावं लागतं. म्हणून धाकटीला मायनरला संख्याशास्त्र मिळत असेल तर घ्यायला लाव. आमच्या वर्गात पुष्कळजण त्याला घाबरतात आणि तिसऱ्या वर्षी अडतात.

नोकरीचं काकांना खरं तेच सांग: डिग्री मिळाली की नोकरी ठेवलेली, असं इथे नाही. रेडिओ, वर्तमानपत्रं, जाहिरात, आरोग्याचे आणि शेतीचे प्रकल्प, अशा वाटा आहेत. पण त्यासाठी शिकतानाच स्वतःचं काम दाखवता आलं पाहिजे. तिला लेवा बोलीही येते आणि अहिराणीही. रावेरपासून धुळ्यापर्यंत कुणाच्याही ओट्यावर बसून ती बोलू शकते. बाहेरून आलेल्याला ते सहज जमत नाही, म्हणून हा विषय तिच्यासाठीच आहे असं मला मनापासून वाटतं.

फॉर्म भरायच्या आधी तिला मला फोन करायला सांग. संध्याकाळी कर म्हणावं, दिवसा मळ्यात रेंज नसते. काकूंना नमस्कार.

तुझाच