रजा कामगाराची, तारीख कंपनीची

संपादक महोदय,

दिवाळीत कंपनी कारखाना बंद ठेवते आणि ते दिवस कामगाराच्या रजेतून कापते, त्या दिवाळी शटडाउनवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. 'पगार तर मिळतोच, मग रजा वापरली गेली तर बिघडलं कुठे' हा त्याचा सूर अजिबात पटला नाही, म्हणून हे पत्र. लेखात 'रजा' आणि 'सुट्टी' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी आले आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रजा कामगार मागतो, सुट्टी मालक जाहीर करतो. शटडाउनसाठी कोणी अर्ज करत नाही, नोटीस बोर्डावर कागद लागतो. मग ते दिवस कामगाराच्या पी.एल.च्या (प्रिव्हिलेज लीव्ह, म्हणजे हक्काची पगारी रजा) खात्यातून का जावेत?

बिघडतं कुठे ते सांगतो. २० दिवस कामाला १ दिवस रजा, म्हणजे वर्षात ३०० दिवस भरले तर १५ पी.एल. त्यातल्या दिवाळीला ५ आणि वर्षअखेरीच्या मेंटेनन्सला ४ गेल्या की उरल्या ६. घरचं लग्नकार्य, म्हाताऱ्यांचा दवाखाना, गावाकडची कामं, सगळं त्या सहात बसवायचं. त्या संपल्या की बिनपगारी.

बरं, दिवाळीला ५ च कापल्या जातील याचीही खात्री नाही. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असलेला कारखाना घ्या. गुरुवारपासून पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत शटडाउन, एकूण ९ दिवस. त्यात गुरुवार दोन. लक्ष्मीपूजन आणि पाडवा या ठरलेल्या सणाच्या सुट्ट्या दोन. उरले ५. पण टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या विभागात, शटडाउनची नोंद 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी एकाच फटक्यात टाकली, की गुरुवार किंवा सण, कधी दोन्हीही रजेत जातात आणि रजेच्या कार्डावर ७ किंवा थेट ९ पी.एल. वजा दिसतात. आधी साप्ताहिक सुट्ट्या आणि सण भरायचे आणि मग रिकाम्या राहिलेल्या तारखांनाच रजा लावायची, एवढाच क्रम पाळायचा असतो. कामगाराला हे कळतं जानेवारीत, नवीन कार्ड हातात आल्यावर. तोवर थांबू नये. त्या महिन्याची पगारपत्रिका आली की तारीखवार हजेरी मागून घ्यावी.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये हे स्वच्छ लिहिलं होतं: रजेच्या मध्ये किंवा आगेमागे येणारी सुट्टी रजेत धरायची नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम ३२ मध्येही तेच आहे. तिथे रजेच्या हक्कासाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० झाले, मोजण्याची ही रीत बदललेली नाही. रजेचं वेळापत्रक मालकाला हवं असेल तर त्याचीही वाट कलम ७९ ने दाखवली होती. वर्क्स कमिटीशी (मालक आणि कामगारांच्या संयुक्त समितीशी) किंवा कामगार प्रतिनिधींशी सहमती करायची, लेखी योजना मुख्य निरीक्षकांकडे दाखल करायची, ती ठळक जागी लावायची. मुदत १२ महिने. त्या योजनेचा हेतूही कलमातच दिला होता, कामात खंड पडू नये हा. कारखाना बंद ठेवण्यासाठी त्याचा आधार घेणं म्हणजे कलम उलटं वाचणं. युनियनच्या करारात 'निम्मे दिवस कंपनीचे, निम्मे आमचे' असं ठरलं असेल तर माझी तक्रार नाही. सही दोघांची असते. चार दिवस आधी लावलेल्या नोटिशीवर सही एकाचीच असते.

सगळ्यात वाईट हाल नव्या मुलांचे. त्यांच्या खात्यात रजाच नसते, म्हणून उणे रजा टाकतात. मार्चमध्ये मुलाने नोकरी सोडली की फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, त्या पाच दिवसांचा पगार कापून घेतात. मागितलीच नव्हती त्या रजेची ही वसुली! कच्चा माल नाही किंवा माल पडून आहे म्हणून कारखाना बंद ठेवला असेल, तर त्याला ले-ऑफ म्हणतात आणि ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात एक वर्ष नोकरी झालेल्याला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई कंपनीने द्यायची असते. त्याच दिवसांना पी.एल. लावली की कंपनीचा तो खर्च कामगाराच्या शिलकीतून भागतो. लेखात ले-ऑफचा उल्लेखसुद्धा नाही.

जाता जाता सी-ऑफबद्दल, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याच्या बदली सुट्टीबद्दल. दिवाळीआधी ऑर्डर काढायला गुरुवारी कामावर बोलावतात, त्याचे सी-ऑफ शिल्लक असतात. शटडाउनमध्ये आधी ते वापरायला हवेत. प्रत्यक्षात पी.एल. आधी कापली जाते आणि दोन महिने उलटले की 'सी-ऑफ लॅप्स झाला' असं उत्तर मिळतं.

लेखाचा पुढचा भाग येत्या आठवड्यात छापणार असल्याचं आपण म्हटलं आहे. त्यात निदान ते नऊ दिवसांचं गणित चौकटीत द्यावं, म्हणजे लोकांना आपलं कार्ड शेजारी ठेवून ताडून पाहता येईल.

– एक वाचक, पुणे