डबा तसाच परत आला तर आम्हाला सांगा

ट्यूशन एरियातल्या सगळ्या मेसवाल्या काकू, रूममालक, अभ्यासिकावाले, चहाच्या टपरीवाले, सगळ्यांना मंडळाचा नमस्कार. हे वर्गणीचंच आवाहन आहे पण या वेळेला नुसते पैसे नकोत, म्हणून जरा शेवटपर्यंत वाचा.

आपल्या लातूरला नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडून अकरावीला लेकरं येतात. वय काय, १५-१६. आईबाप गावाकडं शेतीत अडकलेले, रोज फोन होतो पण त्यात 'जेवलास का' आणि 'टेस्टला किती पडले' एवढंच, आणि लेकरू म्हणतंय बरं चाललंय. मग कळणार कुणाला? मागच्या वर्षी आपल्या गल्लीत कळलं ते मेसवाल्या काकूंना. एका पोराचा डबा दोन-अडीच आठवडे जवळपास भरलेलाच परत येत होता, काकूंना वाटलं भाजी आवडत नसेल, शेवटी रूमवर जाऊन बघितलं तर भर दुपारी खिडकी लावून झोपलेला, क्लास कधीच बंद केलेला आणि काही विचारलं की अंगावर धावून यायचा. घरचे म्हणाले मोबाईलनं वाया गेलंय, मामाने तर लिंबू उतरवायचं काढलं. मग सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीला नेलं, डिप्रेशन निघालं, उपचार सुरू झाले, आता पोरगं पुन्हा क्लासला जातंय.

आम्हाला पण तेव्हाच समजलं की या वयातलं डिप्रेशन दरवेळी रडवेलं नसतं. चिडचिड, उद्धटपणा, सारखं डोकं-पोट दुखणं, झोप उडणं नाहीतर दिवसभर झोपणं, आवडीचं क्रिकेटसुद्धा नको वाटणं, असंही दिसतं. एखादी टेस्ट वाईट गेली, दोन दिवस तोंड पाडून बसला, तर ते साहजिक आहे हो. पण २ आठवडे झाले आणि रोजचं जेवण, अभ्यास, बोलणं बिघडलं तर थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाचे एक तृतीयांश आजार वयाच्या १४ च्या आधी आणि निम्मे १८ च्या आधीच सुरू होतात, आणि आपण म्हणतो वयच तसलं आहे, होईल नीट.

तर मंडळाने ठरवलंय की मेसवाले आणि रूममालक यांच्यासाठी एका दुपारी समुपदेशकांना बोलवायचं. काय बघायचं, कसं विचारायचं, एवढंच. डॉक्टरकी कुणी करायची नाही, डॉक्टर डिप्रेशन तपासायला ९ प्रश्नांची प्रश्नावली (PHQ-9) वापरतात ती पण आपण भरून घेऊन शिक्का मारायचा नाही, आपलं काम फक्त दवाखान्यापर्यंत सोबत जायचं आणि घरच्यांना समजावून बोलवायचं. आणि नाव व्हॉट्सअपवर फिरवायचं नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना भीतीची वाटते. 'जिवाचं काही करावंसं वाटतं का रे' असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट लेकराला बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. मनाच्या त्रासावर बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर प्रत्येक मेसच्या भिंतीवर लावायचाय, स्टिकर छापायला पैसे लागतील.

बाकी खर्च म्हणाल तर समुपदेशकांचं मानधन, दवाखान्याला जायचं रिक्षाभाडं, आणि गावाकडून येणाऱ्या आईबापाचं एसटीचं तिकीट, कारण तिकिटापायी येणं लांबवणारेही आहेत. गणपतीच्या डीजेचे पैसे यंदा इकडंच वळवलेत (त्यावरून दोन मीटिंगा भांडणात गेल्या, असो). ज्याला जमेल तेवढं द्या, पावती घ्या, हिशोब बोर्डावर लागेल. लेकरांशी निवांत बोलायला कुणाकडं संध्याकाळी दोन तास रिकामी खोली असेल तर तीही हवीय, दार गल्लीच्या तोंडावर नसलेली बरी, लेकरं लाजतात.

आणि शेवटचं, पैसे नसतील त्यांनी हे करा. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते आणि नेमकी तीच रात्र या पोरापोरींना खायला उठते. महिन्यातून एका रविवारी दोघांना घरी जेवायला बोलवा. पोरींना बोलवायचं तर आधी त्यांच्या घरच्यांशी आणि हॉस्टेलवाल्या मावशींशी बोलून घ्या. नावं मंडळाच्या ऑफिसात रोज आरतीनंतर लिहून घेतो, व्हेज का नॉनव्हेज तेही सांगा. पिठलं-भाकरी असली तरी चालेल, फक्त ताटावर बसल्यावर टेस्टचे मार्क विचारू नका.